भरून देणारा बसलाय ना, मग झालं!

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर गेलात की फ्लेक्सच्या पाट्यांची रांग दिसते. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ खाली यादी असते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, शिष्यवृत्ती, ई-केवायसी, पॅन कार्ड. जून-जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते. यवतमाळातल्या आर्णीला जा, बुलढाण्यातल्या मेहकरला जा, नाहीतर गडचिरोलीतल्या कुरखेड्याला, चित्र तेच. ते बघून आपण म्हणतो, बघा, डिजिटल इंडिया गावात पोचला. मला उलटं वाटतं. लोकांनी घरबसल्या आपापल्या फोनवरून घ्याव्यात म्हणून ज्या सेवा ऑनलाइन केल्या, त्या घ्यायला लोक पुन्हा खिडकीसमोर रांगेत उभे आहेत. आधी खिडकी सरकारी होती, आता खासगी झाली.

‘लोकांना येत नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते मला पटत नाही. हाच माणूस पानटपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये देतो. तुरीवर मर आला तर काय करायचं, याचे व्हिडिओ शोधून काढतो. पुण्याला कामाला गेलेल्या पोराला व्हॉइस मेसेज पाठवतो, नातवाचा फोटो स्टेटसला ठेवतो. यातलं काही शिकायला तो कुठल्या प्रशिक्षण शिबिराला गेला नव्हता. ज्यांनी या गोष्टी बनवल्या त्यांनी माणूस बघून बनवल्या. बटण मोठं, चुकलं तर मागे फिरता येतं, लिहिता आलं नाही तर बोलून भागतं. त्यांना तसं करणं भागच होतं, कारण माणूस अडला की त्यांचं गिऱ्हाईक तुटतं. सरकारी पोर्टलवर किंवा तालुक्याच्या पतसंस्थेच्या साइटवर माणूस अडला तर बनवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. माणूस उठतो आणि फॉर्म भरून देणाऱ्याकडे जातो. अर्ज तर दाखल होतो, आकडा तर वाढतो. तेव्हा दोष वर कुणाला कळतच नाही, आणि जे कळत नाही ते दुरुस्त करण्यासाठी कोणी पैसे मंजूर करत नाही.

मागच्या खरिपात अशाच एका दुकानात बसलो होतो. पन्नाशी उलटलेले एक कास्तकार स्वतःच्याच फोनवर लॉगिन करायची खटपट करत होते. पासवर्डच्या खाली चौकोनात वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, त्यांवर रेघोट्या. त्यांनी फोन दुकानदाराकडे वळवला. “भाऊ, हा ओ हाय का शून्य?” दुकानदार मान वर न करता म्हणाला, “काका, नवीन घ्या, तो सोडा.” नवीन आला. त्यात एक मोठा एस होता, एक छोटा. काकांनी दोन्ही छोटे टाकले. पुन्हा लाल अक्षरं. तिसऱ्या खेपेला आत शिरले. दोन पानं व्यवस्थित भरली. मग खाते क्रमांक हवा होता म्हणून पिशवीतून पासबुक काढलं, चष्मा शोधून लावला, एकेक आकडा बोटाने धरून टाकला. पुढे जायचं बटण दाबलं तर ‘सेशन एक्सपायर्ड’. पुन्हा तो चौकोन आला. काकांनी फोन खिशात घातला आणि पन्नासची नोट काढली.

यात काकांचं काय चुकलं? मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला एकाच इंग्रजी अक्षराची दोन रूपं असतात आणि ती लॉगिनच्या कामात वेगळी धरतात, हे माहीत असण्याचं काही कारण नाही. आपल्या लिपीत तसं नसतंच. चष्मा शोधायला वेळ लागतो, हा तर गुन्हा नव्हे. आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही, मानकात लिहिलेलं आहे. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांसह सगळ्यांना साइट वापरता यावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जातात. त्यांच्या २.२ या आवृत्तीत म्हटलंय की लॉगिन करताना काही पाठ करून किंवा अक्षरं बघून उतरवून दाखवायची सक्ती नको, दुसरा सोपा मार्ग ठेवा. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली, म्हणजे तशी ताजी. पण वेळ संपण्याचा नियम २००८ पासून आहे, तोही सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीवर: वेळ संपत आली की आधी सांगा, आणि एका साध्या कृतीने ती वाढवायला निदान वीस सेकंद द्या. इतकी वर्षं झाली, तरी बिचारे काका पासबुक काढेपर्यंत बाहेर फेकले जातात.

आता यातला जास्त गंभीर भाग. त्या दुकानात एक फुलस्केप वही असते. नाव, गाव, युजरनेम, पासवर्ड. पासवर्ड बहुतेकांचे सारखेच: नावाची पहिली चार अक्षरं, मग ॲट, मग एक-दोन-तीन. अनेकांच्या अर्जाला मोबाइल नंबरही दुकानदाराचाच जोडलेला असतो, कारण ओटीपीसाठी माणसाला पुन्हा बोलावणं दोघांनाही परवडत नाही. म्हणजे शे-दोनशे कुटुंबांची बँक खाती, जमिनीचे गट नंबर, जातीचे दाखले, सगळ्यांच्या किल्ल्या एका वहीत. दुकानदार सज्जन असतो, बहुधा असतोच. गावात धंदा करायचा तर पत राखावी लागते. पण नागरिकाची खासगी माहिती एका माणसाच्या सज्जनपणावर सोडणं, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. वाईट डिझाइनची किंमत नुसती पन्नास रुपये आणि बुडालेली मजुरी एवढीच धरतात, त्यात ही वही कोणी धरत नाही.

मी याच भागातल्या शाळा, पतसंस्था, बाजार समित्यांच्या साइटी बनवून पोट भरतो. आमच्याकडे साइट बनवणं म्हणजे एकदा उद्घाटन केलं की संपलं. गावात हापशी बसवली की ती बसवणाऱ्याचं काम झालं, पुढे वायसर कधी बदलायचाच नाही, असं कोणी म्हणत नाही. साइटच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतात. आणि ‘अपडेट’ करायला सांगतात तेव्हा काय हवं असतं? वर सरकणारी चित्रं, कोपऱ्यात चॅटबॉट, ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारा शब्द, अध्यक्षांचा फोटो आणखी मोठा. मी असा पाच एमबीचा फोटो पाहिलाय. आठवडी बाजाराच्या दिवशी सगळ्या गावाचे फोन एकाच टॉवरवर असतात, तेव्हा अध्यक्षांचा चेहरा पूर्ण उतरेपर्यंत सोयाबीनचा भाव उघडत नाही. सरकत्या पट्टीचं तर विचारूच नका. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारा मजकूर थांबवायची सोय हवी, हाही २००८ चाच नियम. ज्याला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं त्याच्या हातून ती पट्टी प्रत्येक वेळी निसटते.

काळाबरोबर राहणं म्हणजे फॅशनबरोबर राहणं नव्हे. मानक बदलतं त्याला कारण असतं. पहिली आवृत्ती १९९९ ची, तेव्हा इंटरनेट म्हणजे टेबलावरचा संगणक आणि माउस. २०१८ मध्ये २.१ आली ती मुख्यतः हातातल्या फोनसाठी आणि कमी दिसणाऱ्यांसाठी: पान मोठं केलं तरी आडवं सरकवत बसावं लागू नये, फोन उभा-आडवा कसाही धरता यावा. २.२ ने बटणाचं किमान माप सांगितलं, २४ बाय २४ पिक्सेल. निंदण करून, पऱ्हाटीची बोंडं वेचून राठ झालेलं बोट ज्याने पाहिलंय त्याला हेही माप कमीच वाटेल. मुद्दा हा की २०१२ साली बनवलेली साइट त्या वेळी अगदी निर्दोष असली, तरी आज ती तशी राहिलेली नाही. तिच्यात काही बिघडलं म्हणून नव्हे, वापरणारा माणूस टेबलावरून उठून वावरात गेला म्हणून.

वावराचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण शहरात बसून डिझाइन करणाऱ्याला तो सुचत नाही. पीक पाहणी करायची तर शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. २०२५ च्या आधी पीक विम्यात गारपीट झाली, पाणी साचलं तर विमा कंपनीला ७२ तासांत कळवावं लागायचं, तेही बहुतेकदा बांधावरूनच. भादव्याचं ऊन किंवा वरुडच्या संत्राबागेतली मार्चची दुपार डोळ्यांसमोर आणा. फोन तापला की तो स्वतःहूनच पडद्याचा उजेड कमी करतो. अशा वेळी पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, जी मुंबईच्या एसी खोलीत फार नाजूक आणि सुबक दिसतात, ती इथे दिसतच नाहीत. अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उजळपणा किमान साडेचारास एक या प्रमाणात वेगळा हवा, असं मानक सांगतं. आपल्या साइटींवर फार लाडकी असलेली केशरी पट्टी आणि तिच्यावरची पांढरी अक्षरं मोजून बघा. नेहमीचा झेंड्यातला केशरी घेतला तर प्रमाण दोनाच्या जरासंच वर जातं. रंग बदलायची गरज नाही, अक्षरं काळी करा, भागलं. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दर वर्षी जगातल्या दहा लाख साइटींच्या पहिल्या पानांची यांत्रिक तपासणी करते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर काही ना काही दोष सापडला, आणि पहिल्या नंबरावर होता हाच, फिकट अक्षरांचा. तेव्हा हा काही फक्त आपल्या तालुक्याचा अडाणीपणा नाही. फक्त ऊन आपल्याकडे जास्त आहे.

“पण आमच्या गावात आंधळा माणूस एकच आहे हो,” हे वाक्य मी बैठकीत ऐकलंय. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. तेव्हा मोजणी आठच प्रकारांची होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकार २१ केले. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलेल्या आजी आणि चाळिशी लागूनही चष्मा न घेतलेले बाप्ये यांत कुठेच नाहीत. ते सोडा. तो एकच माणूस धरू.

ओळखीतली एक अंध विद्यार्थिनी आहे, अमरावतीला बी.ए. करते. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू ठेवते, फोन कानाशी, आणि आवाजाचा वेग इतका की शेजारच्याला शब्दही लागत नाही. कॉलेजची साइट तिने मला ऐकवली. अंगठा उजवीकडे सरकवला की फोन बोलतो. “बटण, लेबल नाही. बटण, लेबल नाही. इमेज. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा.” कशासाठी क्लिक करायचं ते शेजारच्या चित्रात लिहिलेलं, चित्राला वर्णन नाही. शेवटी गुणवत्ता यादी सापडली तर ती कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. फोन गप्प. मग तिने मैत्रिणीला फोन लावला, “माझं नाव आहे का बघ ना गं.” स्वतःचा निकाल स्वतः पहिल्यांदा वाचायचा आनंद, तो गेला.

याच अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज होऊन गेले. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ. प्रज्ञाचक्षू म्हणून आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. ते दुसऱ्याकडून वाचून घेत, दुसऱ्याकडून लिहून घेत, कारण त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. आज इलाज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये फुकट बसलेला आहे. तरी या मुलीला दुसऱ्याच्या डोळ्यांवर ठेवलंय ते कॉलेजच्या स्कॅनरने.

मराठीत हे दुखणं आणखी खोल आहे. कितीतरी कचेऱ्यांत आणि संस्थांत मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकी संकेताच्या, आधीच्या. पडद्यावर ‘शेतकरी’ दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. वाचून दाखवणारं यंत्र तेच वाचतं. शोधलं तर सापडत नाही, कॉपी केलं तर कचरा येतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे! दुसरी गोष्ट त्याहून क्षुल्लक: प्रत्येक पानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला भाषा सांगायची एक जागा असते. तिथे मराठीची खूण टाकायची तर दोन अक्षरं लागतात. इंग्रजी साचा उचललेला असतो, म्हणून इंग्रजीची खूण तशीच राहते, आणि फोन मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. तिसरी, ओळींमधलं अंतर. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात आपल्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, ‘र्ति’ आणि ‘ट्टू’ अर्धे कापले जातात. इंग्रजी अक्षरं मोकळी करतात तशी देवनागरी मोकळी करायला गेलं तर शिरोरेषाच तुटते. ही आपली कामं. डब्ल्यूथ्रीसी ती आपल्यासाठी करणार नाही.

कायदा कुठे आहे? आहे, आणि भक्कम आहे. २०१६ च्या अधिनियमाचं कलम ४६ सरकारीच नव्हे, खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू होतं. नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम्य करा, असं ते सांगतं. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत २०१९ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. त्या नियमांतल्या १५ व्या नियमाखालची मानकं नुसत्या शिफारशीसारखी होती, आणि कायदा तर बंधन घालतो, म्हणून हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं आणायला सांगितलं. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना ई-केवायसीत ‘डोळे मिचकावून दाखवा’ म्हटलं की काम थांबत होतं. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ते वाचताना मला रेशन दुकानात अंगठा घासघासून पुसणाऱ्या बाया आठवल्या. काम करून ठसा झिजलाय, यंत्र घेत नाही. त्या अपंगांच्या कुठल्याच यादीत नाहीत. पण अडथळा तोच आहे.

निकाल लागले की बाजारात तयार औषध येतं. साइटच्या कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं निळं गोल बटण, दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे. ‘एक ओळ कोड टाका, साइट सुगम्य’ असं सांगून ते विकतात. आतलं लेबल नसलेलं बटण तसंच राहतं, स्कॅन केलेली पीडीएफ तशीच गप्प राहते. असलाच दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे तेच बटण कोटेशनमध्ये वेगळी रक्कम लावून येतं आणि सचिव खूश होऊन सही करतात.

उपाय शोधायला लांब जायची गरज नाही. जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांसाठी एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेने, एक सामाईक सांगाडा तयार केलाय, एस-थ्री-वास नावाचा. वर एका ठिकाणी सुधारणा केली की खाली सगळीकडे पोचवता येते. तालुक्यातला कारकून डब्ल्यूसीएजीची नवी आवृत्ती वाचत बसेल, ही अपेक्षाच चूक आहे. माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या कारागिराकडूनही ती किती पुरी होणार? ग्रामपंचायती, बाजार समित्या, अनुदानित कॉलेजं यांना असाच सामाईक मराठी सांगाडा द्या, युनिकोडचा, हलका, उन्हात वाचता येईल असा. चॅटबॉट आले, आता बोलूनच सगळं होईल, असं म्हणून हे टाळता येणार नाही. चॅटबॉट माहिती वाचणार ती त्याच स्कॅन केलेल्या पीडीएफमधून.

तोवर करारातल्या अटी बदलता येतात. आज साइटचं पूर्ण बिल उद्घाटनाच्या दिवशी निघतं. त्यातला काही भाग वर्षभर अडकवून ठेवा आणि तपासणी झाल्यावरच सोडा. तपासणीला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. माउस काढून टाका आणि नुसत्या टॅबच्या बटणाने फॉर्म भरून दाखवा. अक्षरं दुप्पट करा. टॉकबॅक लावून पडदा झाका. एनव्हीडीए हे संगणकावरचं वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि तहसीलसमोरच्या त्या दुकानदारांना बोलवा. कोणता फॉर्म कोणत्या पानावर मरतो, हे त्यांच्याइतकं या जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नाही. त्यांना आजवर एकाही पोर्टलवाल्याने विचारलं नसेल. त्यांचा धंदा बुडेल म्हणून ते सांगणार नाहीत, असं काही जणांना वाटतं. मला नाही वाटत. हंगामात रात्री अकरापर्यंत अडकलेल्या सर्व्हरशी भांडून तेही कंटाळलेले असतात, आणि ज्यांना खरंच मदत लागते अशी माणसं त्यांच्याकडे येतच राहतील.

केंद्राच्या मार्गदर्शिकेत, जीआयजीडब्ल्यूमध्ये, प्रत्येक सरकारी साइटसाठी वेब माहिती व्यवस्थापक नेमायला सांगितलेलं आहे. तुमच्या संस्थेच्या साइटवर त्याचं नाव आणि नंबर आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत किंवा संस्थेच्या वार्षिक सभेत विचारायला कोणाची हरकत नसावी. आणि वरची तपासणी अंध, कमी दिसणाऱ्या, एका हाताने फोन चालवणाऱ्या याच भागातल्या मुलामुलींकडून करून घ्या, पण ‘सहभागाचं प्रमाणपत्र’ हातात टेकवून नको. बिलात ‘चाचणी’ असा एक रकाना वाढवा, आणि त्यातली रक्कम माझ्यासारख्याच्या खात्यात न टाकता थेट तपासणाऱ्याच्या खात्यात टाका.